सलाईन किती द्यावे : सीव्हीपीचा आकडा की खाटेशेजारचा इको?

सांगली-मिरजेच्या एखाद्या अतिदक्षता विभागात जंतुसंसर्गाने रक्तदाब कोसळलेला रुग्ण येतो, तेव्हा सुरुवातीचे सलाईन देऊन झाल्यावर आणखी द्यावे की थांबावे, हा खरा प्रश्न असतो. मानेतल्या शिरेत नळी घालून सीव्हीपी, म्हणजे हृदयाजवळच्या मोठ्या शिरेतला रक्ताचा दाब, मोजणे हा जुना मार्ग. 8 ते 12 मिमी पाऱ्याचे उद्दिष्ट 2001 नंतर बरेच रुळले. परंतु हा आकडा व्हेंटिलेटरच्या दाबानेही वाढतो आणि हृदयाला आणखी द्रव पेलेल का, हे खात्रीने सांगत नाही.

इकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, मात्र हृदय प्रत्यक्ष दिसते. डाव्या कप्प्याच्या भिंती प्रत्येक ठोक्याला एकमेकींना टेकत असतील तर बहुधा द्रव कमी आहे. कप्पा सुस्त हलत असेल तर सलाईनपेक्षा औषधाची गरज असू शकते. आणि हृदयाभोवती पाणी साचून दाब आला असेल, तर ते काढणे हाच उपाय. रुग्णाचे पाय उचलून मिनिटभरात हृदयातून बाहेर पडणारा प्रवाह 10 ते 15 टक्क्यांनी वाढतो का, हेही तपासता येते; वाढला तर आणखी सलाईनचा उपयोग होण्याची शक्यता असते. अर्थात इको करणाऱ्याचा हात सरावलेला हवा, आणि नळीतून औषधेही द्यायची असल्याने ती टाळता येतेच असे नाही. तरीही सलाईनचा निर्णय मी इको पाहूनच, तोही पुन्हा पुन्हा पाहून घेईन.