शनिवारचा वॉर्म फ्रंट की रविवारचा कोल्ड फ्रंट?

इंग्लंडच्या वायव्येला लेक डिस्ट्रिक्टमध्ये डोंगर चढायचे, तर पावसाशी जमवून घ्यावं लागतं. बॉरोडेलमधल्या सीथवेटला वर्षाला साधारण 3,500 मिलिमीटर पाऊस पडतो. महाबळेश्वरला याहून बराच जास्त, पण तो बहुतेक सगळा चार महिन्यांत पडून मोकळा होतो. इथे तो बाराही महिने थोडा थोडा येत राहतो. शिवाय आपल्याकडच्या मान्सूनमध्ये फ्रंट, म्हणजे उबदार आणि थंड हवेच्या सीमारेषा, नसतात, त्यामुळे सह्याद्रीत वीस पावसाळे काढूनही ही भाषा मला इथे येऊनच शिकावी लागली.

मँचेस्टर-लीड्सकडचे मित्र शुक्रवारी रात्री मेट ऑफिसचा, म्हणजे इथल्या हवामान खात्याचा, दाबाचा नकाशा पाठवून हमखास विचारतात: अटलांटिकवरून न्यूनदाब येतोय, शनिवारी लाल अर्धगोलांची रेषा (वॉर्म फ्रंट) आणि तिच्यामागची हवा, रविवारी निळ्या त्रिकोणांची रेषा (कोल्ड फ्रंट). जायला एकच दिवस आहे, कुठला धरू? दोन्ही दिवस मी पुष्कळदा चाललो आहे. माझं मत एका बाजूला झुकलेलं आहे, पण दुसरी बाजूही मानानं मांडतो.

आधी वॉर्म फ्रंट. त्याचा मोठा गुण म्हणजे तो दगा देत नाही. उबदार हवा हलकी असते, ती पुढच्या थंड हवेला ढकलू शकत नाही, तिच्या पाठीवर चढत जाते. हा चढ फारच सौम्य, साधारण 1:150. म्हणजे जमिनीवरची रेषा अजून 900 किलोमीटर लांब असते तेव्हा आपल्या डोक्यावर सहा किलोमीटर उंचीवर तिचे ढग आलेले असतात. आधी पिसांसारखे तंतुमेघ, मग सूर्याभोवती खळं, मग दुधी काचेमागचा सूर्य, मग सूर्य गायब, आणि त्यानंतर पाऊस. संध्याकाळी खळं दिसलं तर दुसऱ्या दिवशीच्या पावसाची मला क्वचितच शंका राहते. वाराही एकसारखा असतो, गारठा कमी असतो, विजांची भीती जवळपास नसते. ज्यांना अचानक काही झालेलं नको असतं, लहान मुलं सोबत असतात, त्यांना मी शनिवारची सकाळच सुचवतो: रेषा पोचायच्या आत छोटा डोंगर करून दुपारी खाली.

अडचण रेषेची नाही, रेषेमागच्या हवेची आहे. दोन फ्रंटच्या मधल्या त्या पट्ट्याला वॉर्म सेक्टर म्हणतात. रेषा गेली, नकाशावर आता मोकळी जागा आहे, म्हणजे उघडीप मिळेल, असं नव्या माणसाला वाटतं. मलाही वाटलं होतं. ही हवा अटलांटिकमधल्या अझोर्स बेटांच्या बाजूनं आलेली असते, दमट. थंड समुद्रावरून येताना ती खालून गार होते, आणि डोंगराला लागली की ढग दोनशे-तीनशे मीटरवरच बसतात. वर सगळं पांढरं.

ऑक्टोबरातल्या अशा एका शनिवारी आम्ही हेल्वेलिनवर सहा तास होतो. पाऊस म्हणावा असा पडलाच नाही. नुसती भुरभुर, आडवी, चष्म्याच्या दोन्ही बाजूंनी. जॅकेट चांगलं होतं, पण बाहेरची हवाच पाण्यानं ओथंबलेली असली की आतला घाम बाहेर जायला जागा राहत नाही, त्यामुळे माणूस आतून भिजतो. तेही चाललं असतं. मला असह्य झालं ते वेगळंच: थांबण्यात अर्थ नव्हता. दगडाच्या आडोशाला बसून, चहा संपवून, अर्ध्या तासानं पुन्हा पाहिलं तरी तेच. सह्याद्रीत सर येते आणि ओसरते, मधल्या उघडिपीत समोरचा कडा दिसतो आणि पाय पुन्हा उचलले जातात. इथे ओसरणं हा प्रकारच नव्हता. माथ्यावर पोचलो हे दगडी आडोसा हाताला लागला तेव्हा कळलं. त्या दिवसानंतर मी वॉर्म सेक्टरमध्ये उंच डोंगर ठरवून कधी धरला नाही.

आणि ही भुरभुर नेहमी निरुपद्रवी नसते. हीच दमट हवा एकाच दिशेनं डोंगरांवर आदळत राहिली तर काय होतं ते डिसेंबर 2015 च्या डेझमंड वादळात दिसलं. इथल्याच हॉनिस्टर घाटात 24 तासांत 341.4 मिलिमीटर पाऊस पडला, आणि खालची गावं बुडाली.

आता कोल्ड फ्रंट. इथे थंड, जड हवा पाचरीसारखी उबदार हवेखाली घुसते. चढ बराच उभा, 1:50 ते 1:75, म्हणून सगळं अरुंद पट्ट्यात आणि जोरात घडतं. पहिल्या महायुद्धाच्या काळात नॉर्वेतल्या बर्गनला विल्हेल्म ब्यर्कनेस आणि त्यांचा तरुण मुलगा याकोब यांनी दाट निरीक्षणं जमवून हे चित्र उभं केलं. याकोबचा निबंध 1919 चा. दोन हवांमधल्या या झुंजीला त्यांनी युद्धातलाच शब्द दिला, फ्रंट, म्हणजे आघाडी. रेषा अंगावरून जाताना तो शब्द मला अगदी नेमका वाटतो.

स्किडॉ डोंगरावर मी ती अनुभवली. पायथ्याच्या केझिक गावाहून चढताना वारा नैऋत्येचा, पाठीशी. पावणेअकराला अंधारलं आणि अर्धा तास पाऊस फटक्यांनी कोसळला, शेवटी बारीक गारा. आम्ही पाठ करून उभे राहिलो. मग दोन मिनिटांत वारा तोंडावर आला, वायव्येचा, आणि बोटं गारठली. हवेच्या दाबावरून उंची सांगणाऱ्या माझ्या घड्याळातली उंची उभ्या जागी दहा-बारा मीटरनं उतरली, म्हणजे दाब चढू लागला होता. वीस मिनिटांनी ढगाला भोक पडलं. माथ्यावरून सॉल्वेच्या खाडीपलीकडचे स्कॉटलंडचे डोंगर आणि पश्चिमेला आइल ऑफ मॅन, सगळं धुऊन ठेवल्यासारखं. नंतर दोन सरी आल्या, पण त्या दुरून येताना दिसत होत्या, आणि गेल्याही.

रविवारला सरसकट हो म्हणणार नाही. स्ट्रायडिंग एजसारख्या धारेवर असाल तर तो अर्धा तास जिवावर बेतू शकतो. वारा अचानक वळतो, कधी विजा असतात, पारा पाच-सहा अंशांनी पडतो. रेषा जाईपर्यंत रुंद पाठीचा डोंगरच धरावा. काही कोल्ड फ्रंट इतके मरगळलेले असतात की जेमतेम शिंतोडे पडतात. आणि पुष्कळदा अटलांटिक ओलांडेपर्यंत निळ्या रेषेनं लाल रेषेला गाठलेलं असतं. अशी जांभळी रेषा आली की निवड करण्यासारखं फारसं उरत नाही.

एक खूण मात्र मी नेहमी बघतो. निळी रेषा सरळ न जाता मध्येच बाक घेऊन मागे वळत असेल, तर त्या बाकावर नवी लहर तयार होत असते. गेलेला पाऊस परत येतो, रेषा तासन्‌तास हलत नाही, आणि रविवारचाही शनिवार होतो. मग घरी थांबलेलं बरं. पण रेषा सरळ असेल, तिच्यामागे समदाबरेषा (सारख्या दाबाच्या जागा जोडणाऱ्या रेषा) वायव्येकडून येत असतील, आणि ती दुपारच्या आत जाणार असेल, तर मी साडेआठला केझिक सोडतो. कोरडे हातमोजे सॅकच्या तळाशी, प्लास्टिकच्या पिशवीत. वारा तोंडावर येईपर्यंत ते काढायचे नाहीत.