सर्ज एक्सटी आणि एक साधा सॅम्पलर: आठ महिन्यांच्या वापरानंतर

आधी हिशेब सांगून टाकते. आठ महिन्यांत सर्ज एक्सटी या सॉफ्टवेअर सिंथमध्ये (संगणकावर आवाज घडवणाऱ्या वाद्यात) मी स्वतः बनवून जपून ठेवलेले पॅच, म्हणजे आवाजाच्या मांडण्या, १०६. त्यातले प्रत्यक्ष कामाला लागले १९. आणि त्या १९ पैकी १४ थेट सिंथमधून बाहेर पडलेले नाहीत. ते आधी सॅम्पलरमध्ये, म्हणजे रेकॉर्ड केलेला आवाज कळीवर वाजवणाऱ्या साधनात गेले, तिथे कापले-ताणले गेले आणि मग कामाला आले. परवा फोल्डर आवरताना हे मोजलं आणि वाटलं, आता या जोडीबद्दल लिहायला हरकत नाही.

मी छोट्या गेमसाठी आणि लघुपटांसाठी आवाज बनवते. गाणी करत नाही. त्यामुळे बेस किती जाड वाजतो, लीड किती टोकदार येते, याबद्दल माझ्याकडे सांगण्यासारखं फार नाही. मला दगडी दार सरकल्याचा आवाज हवा असतो, बंद पडत चाललेल्या यंत्राचा हवा असतो, आणि बहुतेक वेळा तो उद्या सकाळपर्यंत हवा असतो.

सर्ज मोफत आहे आणि त्याचा कोड खुला आहे. मुळात क्लेस जोहान्सन यांनी वेंबर ऑडिओ या नावाखाली विकलेला हा सिंथ. २०१८ मध्ये त्यांनी कोड खुला केला, स्वयंसेवकांनी तो पुढे नेला आणि जानेवारी २०२२ मध्ये एक्सटी आवृत्ती आली. फुकटचं म्हणजे तोकडं असणार असा माझा ग्रह होता. उघडल्यावर पंचाईत झाली ती उलटीच. दोन सीन (एकत्र वाजू शकणारे दोन स्वतंत्र संच), प्रत्येकात तीन ऑसिलेटर (मूळ लहर तयार करणारे भाग), प्रत्येक ऑसिलेटरला बारा प्रकारांतून निवड, दोन फिल्टर (आवाजातला काही भाग गाळणारे), वेव्हशेपर (लहरीचा आकार मोडणारा), बारा एलएफओ (इतर नियंत्रणं आपोआप हलवणाऱ्या संथ लहरी), इफेक्टना सोळा जागा. वर अडीच हजारांहून जास्त तयार पॅच. पहिले तीन आठवडे मी ते ऐकण्यात घालवले. काम शून्य. चौथ्या आठवड्यात ठरवलं की तयार पॅचचा ब्राउझर उघडायचाच नाही, रोज रिकाम्या पॅचपासून सुरुवात करायची.

रिकामा पॅच मिळाल्यावर नवखा माणूस जे करतो तेच मीही केलं: युनिसन (एकाच स्वराच्या किंचित बेसूर प्रती) वाढवत गेले. क्लासिक ऑसिलेटरला १६ युनिसन, असे तीन ऑसिलेटर, दोन्ही सीन चालू, आणि वर चार स्वरांचा कॉर्ड. गुणाकार करून बघा, एका वेळी ३८४ लहरी. लॅपटॉपचा पंखा सुरू झाला आणि आवाज? लोण्यासारखा मऊ, रुंद आणि संपूर्ण निनावी. मोनो (डावा-उजवा एकत्र) करून ऐकलं तर निम्मा गायब. दोन ऑसिलेटर आणि नीट चालवलेला एक फिल्टर यातून जास्त मिळतं, हे मला माहीत होतं, पण हाताला पटायला महिना गेला.

मॉड्युलेशनची, म्हणजे एकाने दुसरं नियंत्रण हलवायची, पद्धत मात्र मला पहिल्या दिवसापासून आवडली. खालून एलएफओ निवडायचा, त्याला जोडणीच्या स्थितीत आणायचं, आणि जो स्लायडर हलवायचा तो ओढायचा. किती हलणार ते त्याच स्लायडरवर रंगीत पट्टीने दिसतं. वेगळा तक्ता उघडावा लागत नाही. तोटा माझ्याच वेंधळेपणाचा: जोडणीच्या स्थितीतून बाहेर यायचं राहून जातं. मग आपण समजतो कटऑफ (फिल्टर कुठून गाळणार ती सीमा) खाली आणला, प्रत्यक्षात एलएफओची खोली वाढवलेली असते, आणि पुढची दहा मिनिटं आवाज असा का डचमळतोय याचा शोध चालतो. हे मी आजही आठवड्यातून एकदा तरी करते. आणखी एक, प्रत्येक एलएफओला स्वतःचं एन्व्हलप (वेळेनुसार चढ-उताराची आखणी) आहे. म्हणजे एलएफओ नुसताच लाटा देत बसत नाही. तो उशिरा सुरू होऊ शकतो, हळूहळू ओसरू शकतो, किंवा एकदाच झटका देऊन गप्प बसू शकतो. माझ्या कामात हा एकदाच मिळणारा झटका सगळ्यात उपयोगी.

घंटेचं उदाहरण घ्या. सर्जमध्ये एफएम दोन आणि एफएम तीन असे वेगळे ऑसिलेटर आहेत; एफएममध्ये एक लहर (मॉड्युलेटर) दुसरीचा (वाहकाचा) स्वर झपाट्याने हलवते. दोनमध्ये मॉड्युलेटरची गुणोत्तरं पूर्णांकातच राहतात, म्हणून आवाज सुरेल येतो. तीनमध्ये अपूर्णांक चालतात, आणि धातू हवा असेल तर तीनच लागतो. वाहक ४०० हर्ट्‌झ आणि मॉड्युलेटर त्याच्या १.४१ पट, म्हणजे ५६४ धरा. बाजूचे स्वर ९६४ वर येतात, १५२८ वर येतात, आणि वजाबाकीतून १६४ वर एक येतो. यांपैकी कोणीच ४०० च्या पटीत बसत नाही, त्यामुळे कान त्याला सरळ एक स्वर न म्हणता धातू म्हणतो. इथवर सगळ्यांचं जमतं. माझी घंटा तरी दोन दिवस पत्र्याच्या डब्यासारखी वाजत होती. कारण मी मॉड्युलेशनची खोली कायम ठेवली होती. खऱ्या घंटेत वरचे स्वर आधी विरतात, खालचा गुंजत राहतो. खोलीवर सुमारे ६०० मिलिसेकंदांत ओसरणारा झटका लावला, मुख्य आवाजाला चार सेकंद दिले, आणि डब्याची घंटा झाली. बाकी एकही आकडा बदलला नव्हता.

स्ट्रिंग ऑसिलेटरवर मी वेगळं पान लिहू शकते, पण थोडक्यात आटपते. तो कार्प्लस-स्ट्राँग पद्धतीच्या कुळातला. नॉइजचा (खरखरीचा) एक झटका छोट्या डिलेमध्ये (आवाज जरा उशिरा परत देणाऱ्या फेऱ्यात) टाकायचा आणि तो फिरता फिरता गाळत जायचा. ११० हर्ट्‌झचा स्वर हवा असेल तर ४८ हजारांच्या सॅम्पल रेटला (सेकंदाला ४८ हजार सॅम्पल, म्हणजे मोजमापं) डिले साधारण ४३६ सॅम्पलचा. वरचे स्वर सेकंदात जास्त फेऱ्या मारतात, म्हणून जास्त वेळा गाळले जातात आणि लवकर मरतात; तारेचंही तसंच असतं, आणि ते इथे आयतं मिळतं. झटक्याऐवजी सतत चालणारा नॉइज लावला की तार घासल्यासारखी वाजते. करकरणारी जहाजं, लोंबकळणारे झुलते पूल, सगळं माझं यातूनच निघालं आहे.

आता सॅम्पलर. आधी माझ्याकडे पैसे मोजून घेतलेला एक होता. नाव घेत नाही. संगणक बदलला आणि त्याचा परवाना काही केल्या नव्या यंत्रावर चालू होईना. काम अंगावर आलेलं असताना तीन दिवस ईमेल लिहिण्यात गेले. त्याच चिडीत एसएफझेडकडे वळले. एसएफझेड म्हणजे साधी मजकुराची फाइल: कोणतं सॅम्पल (इथे रेकॉर्ड केलेला तुकडा), कोणत्या कळीपासून कोणत्या कळीपर्यंत, मूळ स्वर कोणता, किती जोरात दाबल्यावर वाजायचं, हे सगळं ओळीओळीने लिहायचं. वाजवायला प्लोगचा मोफत स्फोर्झांडो आहे. रूपडं पाहून कोणी प्रेमात पडणार नाही. पण दहा वर्षांनीही ती फाइल नोटपॅडमध्ये उघडेल, आणि मला एवढं पुरतं.

एसएफझेड हाताने लिहिताना एक गोष्ट पक्की डोक्यात बसली. एकच ठोका पुन्हा पुन्हा वाजवला की चौथ्या ठोक्याला कान फसवणूक पकडतो; मशीनगनसारखं वाजायला लागतं. म्हणून एकाच आघाताची पाच रेकॉर्डिंग घ्यायची आणि ती आळीपाळीने वाजतील असं लिहायचं. पाचही शक्य तितकी सारखी मारायची. मी सुरुवातीला मुद्दाम वेगवेगळी मारली, तर पाच वेगळी माणसं रांगेत उभी राहून एकेक ठोका देतायत असं वाटायला लागलं.

पण दोन्ही जोडल्याशिवाय मजा नाही. वाद्य कोणतं हे ओळखताना कानाचा भर बराचसा आवाजाच्या पहिल्या काही मिलिसेकंदांवर असतो. १९८७ च्या रोलँड डी-५० या सिंथने याच गोष्टीचा फायदा घेतला होता. तेव्हा मेमरी महाग, म्हणून सुरुवातीचा छोटा तुकडा खऱ्या रेकॉर्डिंगचा आणि पुढचा लांबलचक भाग सिंथचा. आज मेमरीची ददात नाही, तरी ही युक्ती मी रोज वापरते. सॅम्पलरमध्ये लाकडावर नख मारल्याचा ४० मिलिसेकंदांचा तुकडा, आणि त्याच कळीवर सर्जमधला लांब स्वर, ज्याचा अटॅक (आवाजाची सुरुवात) १५ मिलिसेकंदांनी मागे ढकललेला. स्वर काय वाटेल तो असो, ऐकणारा म्हणतो लाकडाचं काहीतरी आहे. अटॅक मागे ढकलायला विसरलात तर दोघं एकमेकांच्या पायात येतात.

दगडी दाराची गोष्ट सांगते, कारण त्यावर माझे सर्वाधिक दिवस गेले. पहिला प्रयत्न पूर्ण सिंथचा: नॉइज, कोम फिल्टर (आवाजाची जरा उशिराची प्रत त्यातच मिसळणारा), कटऑफवर अडखळत उड्या मारणारा एलएफओ. घासल्यासारखं वाजत होतं, पण काय घासतंय ते कळत नव्हतं. मग एक जड लोखंडी झाकण फरशीवरून ओढून दीड सेकंद रेकॉर्ड केलं आणि दोन सप्तकं खाली आणलं. आपोआप ते सहा सेकंदांचं झालं, वजनही आलं, पण वर घोंगडी टाकल्यासारखं दबलेलं. चूक गणिताची होती. ४४.१ किलोहर्ट्‌झला रेकॉर्ड केलं तर सॅम्पल रेटच्या निम्म्यापर्यंतचाच आवाज मावतो, म्हणून वरची सीमा २२.०५, दोन सप्तकं खाली आणली की ती साडेपाच किलोहर्ट्‌झवर येते आणि त्याच्या वर काहीच उरत नाही. पुन्हा ९६ ला रेकॉर्ड केलं. आता सीमा १२ वर. माझा माईक फार वरचं पकडतो असं नाही, पण जेवढं पकडलं तेवढ्यात खडीचे कण ऐकू यायला लागले. आधीचा सिंथचा प्रयत्नही वाया गेला नाही. त्याची ऑडिओ फाइल काढली, उलटी केली आणि झाकणाच्या खाली हलकीशी ठेवली. दार हलण्याआधी ताण येतो ना, तो त्याने दिला. तळाला ४५ हर्ट्‌झचा साइन (सर्वात साधी लहर). फोनच्या स्पीकरवर तो ऐकूच येणार नव्हता, म्हणून त्याला थोडं सॅच्युरेशन (हलकी विकृती) दिलं. १३५, १८० हे वरचे स्वर तयार झाले की कान तळचा स्वर स्वतःच भरून घेतो.

सर्जमधून ऑडिओ काढून सॅम्पलरमध्ये टाकायची सवय या दारापासून लागली. सिंथमध्ये असेपर्यंत सगळं बदलता येतं, म्हणून मी बदलतच राहते. फाइल झाली की हात बांधले जातात आणि कात्री हातात येते. सर्जमध्ये सॅम्पलर नाही, ही अनेकांना उणीव वाटेल. वेव्हटेबल (साठवलेल्या लहरी वाजवणाऱ्या) ऑसिलेटरमध्ये आपली फाइल घालता येते, निम्बस नावाच्या इफेक्टमधून दाणेदार तुकडेही करता येतात, पण संपूर्ण रेकॉर्डिंग कळीवर वाजवायचं तर दुसरीकडेच जावं लागतं. माझ्यापुरतं ते बरंच झालं.

ट्यूनिंगबद्दल एक. सर्ज स्काला फाइली वाचतो, म्हणजे सप्तकाची वाटणी आपल्या मनाप्रमाणे करता येते. लांब ड्रोन (सलग धरलेला स्वर किंवा स्वरमेळ) बनवणाऱ्याने हे जरूर करून पाहावं. २६१.६ हर्ट्‌झचा सा आणि समान वाटणीतला (सप्तकाचे बारा सारखे भाग केल्यावर येणारा) गांधार एकत्र धरला की सा चा पाचवा हार्मोनिक (पाचपट कंपनांचा वरचा स्वर) आणि गांधाराचा चौथा यांच्यात सेकंदाला सुमारे दहा ठोके पडतात. गांधार १४ सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) खाली, ५:४ वर आणला की ते ठोके थांबतात आणि ड्रोन जागच्या जागी उभा राहतो. एका भयपटाच्या दृश्यात मी उलट केलं, स्थिर ड्रोनमधला गांधार तीस सेकंदांत १४ सेंट वर सरकवला. कुणालाच काय बदललं ते सांगता आलं नाही, अस्वस्थ मात्र सगळे झाले.

घ्यावा का? ज्यांना पाच मिनिटांत चमकदार काहीतरी हवं आहे त्यांनी दुसरीकडे बघावं. इथे पडदा गच्च भरलेला आहे, अक्षरं बारीक आहेत, झूम वाढवल्याशिवाय माझं चालत नाही. दस्तावेज उत्तम आहे, तो वाचायची तयारी हवी. चमत्कारिक, घासट, मोडके आवाज करायचे असतील तर मोफतमध्ये यापेक्षा चांगलं मला तरी काही सापडलेलं नाही.

उरलेल्या ८७ पॅचपैकी ३१ चं नाव मी 'दार' असंच ठेवलं आहे, पुढे आकडासुद्धा नाही. आज रात्री ते एकेक ऐकून कोणते ऑडिओ काढण्याजोगे आहेत ते बघणार आहे.