मुलांसाठी पालक नेमणारं मृत्युपत्र: वकीलबाईंना पाचपैकी चार तारे

मुलगी अकरा वर्षांची, मुलगा सहा. त्यांचे बाबा आता नाहीत. माझ्यानंतर यांचं कोण बघणार, हे लिहून ठेवायचं म्हणून आधी एका ऑनलाइन सेवेचा फॉर्म उघडला. पालकाच्या नावाचा एक रकाना. त्यात बहिणीचं नाव टाकलं की पुढचं पान. इतकं सोपं बघून शंकाच आली आणि मैत्रिणीने सुचवलेल्या वकीलबाईंकडे गेले.

बाईंनी सगळ्यात आधी मागितलं ते ह्यांचं मृत्युपत्र. त्यात मुलांचे पालक म्हणून मोठ्या भाऊजींचं नाव आहे. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, १९५६ च्या कलम ९ प्रमाणे, वडील आईच्या आधी गेले तर त्यांनी केलेली नेमणूक लागू होत नाही. पण पुढे आईही मृत्युपत्राने कुणाला न नेमता गेली, तर तीच नेमणूक पुन्हा जिवंत होते! म्हणजे मी नुसती गप्प बसले असते तर सगळं भाऊजींवर आलं असतं. ते मुलांना जीव लावतात, पण सत्तरीला टेकलेत. आता माझ्या मृत्युपत्रातलं बहिणीचं नाव चालेल. त्या फॉर्मने हे विचारलंच नसतं.

मग प्रश्नांची फैर. बहिणीला विचारलंय का? तिच्या नवऱ्याला? तिला जमलं नाही तर कोण? मुलं सांभाळणारा आणि त्यांचा पैसा सांभाळणारा एकच हवा का? इथे मी अडले. शेवटी सांभाळ बहिणीकडे आणि मिळकत मामेभावाकडे ठेवली. हिशेबात तो चोख आहे. सासरच्या एकत्र घरातल्या मुलांच्या अविभक्त हिश्शासाठी असा पालक नेमता येत नाही, म्हणून मी लिहून नेलेली ती ओळ बाईंनी खोडली. वाद कोर्टात गेलाच तर मुलांचं हित सगळ्यात आधी बघतात, हेही स्पष्ट सांगितलं. मुलीचं लग्न झालं की पालकाचा अधिकार संपतो, असंही त्याच कलमात आहे. अज्ञान मुलीचं लग्न! असो.

सही दोन साक्षीदारांसमोर झाली. साक्षीदार आपले आपण न्यायचे. नोंदणी सक्तीची नाही, तरी मी करून घेतली.

एक तारा कापला तो ऑफिससाठी. फोन उचलत नाहीत, मसुद्यासाठी मागे लागावं लागतं. पहिला मसुदा ‘सदरहू’ आणि ‘उपरोक्त’ने भरलेला होता, बहिणीला कळेल असा लिहा म्हटल्यावर मात्र बाईंनी कुरकुर न करता बदलला.

नवरा-बायको दोघं असाल तर एकत्र जा आणि दोन्ही मृत्युपत्रांत एकच नाव येईल असं बघा. विम्याचे कागदही न्या. मुलं नॉमिनी असतील तर ती सज्ञान होईपर्यंत पैसे कुणी घ्यायचे, ते नाव विमा कंपनीकडे वेगळं द्यावं लागतं.