मिशिगनमधला आमचा कॅम्पिंग ट्रेलर: बांधणी, गळती आणि दुरुस्ती

निकाल आधीच सांगते, म्हणजे घाईत असलेल्यांचं काम भागेल. ट्रेलरला पाचपैकी अडीच तारे. ज्याच्याकडून घेतला त्या डीलरच्या सर्व्हिस विभागाला एक. आणि ज्याने तो शेवटी खरा दुरुस्त केला त्या फिरत्या मेकॅनिकला पाच. आता सविस्तर लिहिते, कारण इथल्या आपल्या मंडळींपैकी बरेच जण सध्या आरव्ही, म्हणजे आत राहायची सोय असलेली गाडी किंवा ट्रेलर, घ्यायच्या विचारात आहेत आणि शोरूममध्ये उभं राहून त्यातलं काहीही कळत नाही.

आम्ही ग्रँड रॅपिड्सला राहतो. आई उन्हाळ्यात साताऱ्याहून येते. तिला लागोपाठ बाहेरचं खाणं सोसत नाही, गुडघ्यांमुळे तंबूचा प्रश्नच नव्हता, आणि लेक सुपीरिअरचा काठ तर तिला दाखवायचाच होता. स्वयंपाकघर आणि बाथरूम बरोबर घेऊन फिरायचं तर ट्रेलरला पर्याय नाही. म्हणून २०२२ च्या वसंतात चोवीस फुटी, दोन ॲक्सलचा, एक बाजू बाहेर सरकणारा कोरा ट्रेलर घेतला. किंमत तीस हजार डॉलरच्या घरात.

आधी चांगलं ते. तीन बर्नरची शेगडी उत्तम आहे, पाच लिटरचा कुकर तिच्यावर नीट बसतो. बारा व्होल्टवर चालणारा कॉम्प्रेसरचा फ्रिज भर जुलैत दही आंबू देत नाही. भट्टी, म्हणजे गॅसवरचा हीटर, ऑक्टोबरच्या थंडीतही दहा-पंधरा मिनिटांत आतली हवा उबदार करतो. फोडणी करताना छतावरचा पंखा चालू हवा, नाहीतर धुराचा अलार्म लगेच वाजतो. गॅसगळती ओळखणारं यंत्र मात्र जमिनीलगत असतं, कारण प्रोपेन हवेपेक्षा जड असतो आणि खाली साचतो. त्याच्यासमोर चपला-पिशव्या रचून ठेवू नका. आतली मांडणी विचारपूर्वक केलेली आहे आणि आई त्यात मनापासून रमते.

या सगळ्या वस्तू दुसऱ्या कंपन्यांकडून तयार येतात. ट्रेलर बनवणाऱ्याचं स्वतःचं काम म्हणजे त्या बसवणं, भिंती-छत जोडणं आणि सांधे बंद करणं. माझे अडीच तारे कापले गेले ते तिथे.

मी गाड्यांच्या सीटचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात क्वालिटीत आहे. कुठला स्क्रू किती आवळला याची नोंद ठेवण्यात माझा दिवस जातो, त्यामुळे माझी नजर आपोआप तिकडे जाते. सिंकखालचं कपाट उघडलं तर कोपऱ्यात लाकडाचा भुसा, पाण्याच्या पाइपचे कापलेले तुकडे आणि सुटे स्क्रू तसेच पडलेले. गरम हवेच्या नळीचं जमिनीवरचं झाकण काढलं, तर तिथेही भुसा. सिंकच्या निचऱ्याचं नट बोटांनी फिरत होतं, म्हणजे ते कधी आवळलंच नव्हतं. खण स्टेपलच्या पिनांनी जोडलेले. कपाटाच्या दाराची बिजागरी ज्या पट्टीत बसवली होती ती पट्टी इतकी पातळ, की स्क्रूच्या निम्म्या आट्यांना पकडायला लाकूडच नव्हतं. मॅकिनॉ पूल ओलांडून पहिल्यांदा वर अप्पर पेनिन्सुलात, म्हणजे मिशिगनच्या उत्तरेकडच्या भागात, गेलो तेव्हा ते दार निखळून गादीवर पडलेलं सापडलं.

हे सगळं स्क्रूड्रायव्हर आणि लाकडाचा गोंद घेऊन घरी नीट करता येतं, आणि आम्ही केलंही. पाण्याचं तसं नसतं.

पुढच्या उन्हाळ्यात आई पलंगाच्या डोक्याकडच्या बाजूला चादर खोचत होती. ती आत नेहमी अनवाणीच वावरते. "अगं, इथे पायाखाली मऊ लागतंय," ती म्हणाली. आम्ही बूट-मोजे घालून तिथून कितीदा गेलो होतो, कधी जाणवलं नव्हतं. मी गुडघ्यावर बसून व्हिनाइलवर अंगठा दाबला. जमीन दबली आणि अंगठा काढल्यावर सावकाश वर आली. भिंतीच्या कडेची पट्टी उचकटली तर मागचं पातळ प्लायवूड काळं पडलेलं, नखाने पापुद्रे निघत होते. ओल मोजायचं साधं यंत्र हार्डवेअरच्या दुकानात मिळतं. बाकीच्या भिंतींवर ते बारा-तेरा टक्के दाखवत होतं, या कोपऱ्यात तिसाच्या वर गेलं.

पाणी आलं होतं वरून. छताच्या पुढच्या कडेला जे छोटे पिवळे दिवे असतात त्यांतल्या एकाच्या मागून. तिथून भिंतीच्या आतल्या आत उतरून जमिनीत मुरलं होतं. सगळी गंमत ही की पाणी जिथे दिसतं तिथे कधीच शिरलेलं नसतं. आमच्या ट्रेलरची चौकट लाकडाची आणि वरून ॲल्युमिनियमचा पत्रा आहे. फायबरग्लासच्या चिकटवलेल्या भिंती असतात त्यांत पाणी गेलं, तर आतला प्लायवूडचा थर सुटतो आणि बाहेरून भिंतीला फुगवटे येतात. त्याची दुरुस्ती याहून कितीतरी महाग पडते. म्हणून जुना ट्रेलर बघायला गेलात तर लांबून, तिरक्या उन्हात भिंतीकडे बघा. लाट दिसली की परत फिरा.

आता डीलर. वॉरंटी वर्षाची होती आणि ती संपायला थोडेच दिवस उरले होते. मेच्या अखेरीस ट्रेलर नेऊन दिला, ऑगस्ट उजाडला तरी तो यार्डातच. आधी त्यांनी तपासायचं, मग फोटो कारखान्याला पाठवायचे, कारखान्याने किती तासांची मजुरी देणार ते मंजूर करायचं, मग भाग मागवायचे. वॉरंटीच्या कामाला ग्राहकाच्या रोख पैशांच्या कामापेक्षा कमी मोबदला मिळतो, त्यामुळे ते मागे पडतं, हे काउंटरवरच्या मुलीने स्वतः सांगितलं. तिच्यावर माझा राग नाही, ती निदान खरं बोलली. मग उत्तर आलं की ही गळती देखभालीअभावी झाली. माहितीपुस्तकात लिहिलेलं असतं की छतावरचा सीलंट दर नव्वद दिवसांनी तपासावा. मी तो तपासला होता आणि दर वेळचे तारखेसह फोटो माझ्याकडे होते. ते पाठवल्यावर काम मंजूर झालं. फोटो नसते तर आम्ही तिथेच अडकलो असतो. हे काम आजपासून सुरू करा: छतावर चढा किंवा शिडीवरून बघा, प्रत्येक कोपरा, प्रत्येक व्हेंट, आणि फोटो काढून ठेवा.

ट्रेलर परत आला तेव्हा जमिनीचा तुकडा बदललेला होता. दिव्याभोवती पांढऱ्या सिलिकॉनचा जाड थर फासला होता. सप्टेंबरच्या पहिल्या मोठ्या पावसात यंत्र पुन्हा चोवीसवर.

मग आम्ही फिरता मेकॅनिक गाठला. टेक्सासमधल्या अथेन्स गावात आरव्ही दुरुस्तीची शाळा आहे, तिथे तो शिकलेला. व्हॅन घेऊन आमच्या ड्राइव्हवेत आला आणि हत्यारं काढायच्या आधी छतावर गुडघ्यांवर रांगत सगळे सांधे बोटाने चाचपले. सिलिकॉन बघून त्याने मान हलवली. सिलिकॉनवर नंतर दुसरं काहीच नीट चिकटत नाही, त्यामुळे तो कण अन् कण खरवडून काढावा लागतो. त्यातच त्याचा अर्धा दिवस गेला, प्लॅस्टिकच्या पट्टीने, कारण लोखंडी पट्टीने छताचं रबर फाटतं. दिवा काढल्यावर मूळ कारण दिसलं. कारखान्यात स्क्रू मारताना लाकूड चुकलं होतं. म्हणून शेजारी दुसरा मारला आणि पहिलं भोक तसंच उघडं ठेवलं. पेन्सिलच्या टोकाएवढं भोक, दिव्याच्या मागे लपलेलं. मला त्याने खाली बोलावून ते दाखवलं, फोटो काढायला लावला, मग भोक बुजवलं. दिव्यामागे ब्यूटिलची चिकट पट्टी लावून दिवा असा आवळला की पट्टी चहूबाजूंनी किंचित बाहेर आली. ते बाहेर आलेलं तो बोटाने काढत गेला. छताच्या सपाट भागातल्या जुन्या भेगांवर डायकोर कंपनीचा आपोआप पसरणारा सीलंट सोडला. तो मधासारखा हळूहळू पसरून स्वतःच सपाट होतो. कडेच्या उतारावर मात्र न ओघळणारा वेगळा प्रकार वापरला. सगळं मिळून साडेआठशे डॉलर घेतले. त्यानंतरच्या हिवाळ्यात आणि पावसात यंत्राचा आकडा तेरावर गेलेला नाही.

त्यानेच टायरकडे लक्ष वेधलं. एका ॲक्सलची दोन्ही टायरं आतल्या कडेने घासली होती, म्हणजे त्या ॲक्सलची चाकं सरळ नव्हती. टायरवर उत्पादनाचा चार आकडी शिक्का असतो. १४२१ म्हणजे २०२१ चा चौदावा आठवडा. पुष्कळ नक्षी शिल्लक असली तरी ट्रेलरची टायरं उन्हात उभी राहून वयानेही खराब होतात. शिवाय अशा बऱ्याच टायरांना ताशी ६५ मैलांची मर्यादा असते आणि हायवेवर ती कुणी पाळत नाही. आम्ही चारही बदलून जास्त वजन पेलणारी गुडइयर एन्ड्युरन्स घातली. ॲक्सलवरच्या स्प्रिंगच्या पाट्यांच्या टोकांना प्लॅस्टिकचे बुश, म्हणजे बोल्टभोवतीच्या छोट्या नळ्या, होत्या, त्याही काढून ब्राँझच्या, ग्रीस भरता येणाऱ्या बसवल्या. ट्रेलर आता ट्रकमागे जास्त शांत चालतो.

हे असं का होतं, याचं उत्तर आमच्यापासून दोन तासांवर आहे. अमेरिकेतल्या बहुसंख्य आरव्ही इंडियानातल्या एल्खार्ट आणि आजूबाजूच्या गावांत बनतात. तिथल्या कित्येक कारखान्यांत मजुरी नगावर ठरते. पहाटे काम सुरू होतं आणि दिवसाचा आकडा भरला की सुट्टी. माणसं कष्टाळू आहेत, हात तरबेज आहेत, पण चुकलेल्या स्क्रूचं भोक बुजवण्याचे पैसे त्यांना कुणी देत नाही. २०२१ मध्ये कारखान्यांतून ६ लाखांवर आरव्ही बाहेर पडल्या, या धंद्यातला तो उच्चांक. आमचा त्याच तेजीच्या शेपटातला. माझ्या कारखान्यात हाच प्रकार झाला तर लाइन थांबते. इथे तो माल थेट डीलरच्या यार्डात जातो आणि तपासणीचं काम ग्राहकाच्या गळ्यात पडतं. तीस हजार डॉलर मोजणाऱ्या कुटुंबावर हा अन्याय आहे आणि तो मी सौम्य शब्दांत सांगणार नाही.

ट्रेलरचं नाव मुद्दाम लिहिलेलं नाही. थॉर, फॉरेस्ट रिव्हर आणि विनेबेगो या तीन समूहांकडे बाजाराचा मोठा हिस्सा आहे. भिंतीवरची नावं पन्नास दिसली तरी खालची चासी, ॲक्सल, खिडक्या, शेगड्या पुष्कळदा त्याच मोजक्या पुरवठादारांच्या असतात. एकाच मॉडेलचे दोन ट्रेलर वेगळे निघतात. तेव्हा नाव बघू नका, समोर उभा असलेला ट्रेलर बघा. दाराजवळ आरव्हीआयएचा, म्हणजे आरव्ही बनवणाऱ्यांच्या संघटनेचा, शिक्का असतो, तो बघून बरेच जण निश्चिंत होतात. तो वीज, गॅस, नळ आणि आग यांच्या सुरक्षिततेच्या नियमांपुरता आहे. कपाटाचं दार निखळणार नाही याची हमी तो देत नाही.

मैत्रिणीला मी जे सांगितलं तेच सांगते. सही करण्याआधी डीलरशी संबंध नसलेला, एनआरव्हीआयएचं, म्हणजे आरव्ही तपासनीसांच्या संघटनेचं, प्रमाणपत्र असलेला तपासनीस आणा. काही शे डॉलर जातात, पण तो छतावर चढतो, ओल मोजतो, गॅसच्या लाइनचा दाब उतरतो का ते बघतो. डीलर तपासनीसाला आत येऊ देत नसेल तर तो ट्रेलर घेऊच नका. लेमन लॉच्या, म्हणजे सदोष गाडी परत घ्यायला लावणाऱ्या राज्याच्या कायद्याच्या, भरवशावरही राहू नका. बऱ्याच राज्यांत ओढत न्यायच्या ट्रेलरला तो लागूच होत नाही किंवा अर्धामुर्धा लागतो. लेखी वॉरंटीसाठी १९७५ चा मॅग्नसन-मॉस हा केंद्रीय कायदा आहे, पण तिथवर जायचं तर वकील आला.

दोघांचंच कुटुंब असेल तर मी अखंड फायबरग्लासच्या कवचाचे ट्रेलर बघायला सांगेन: मिनेसोटातला स्कॅम्प, टेक्सासमधला कसीटा, किंवा पैसे असतील तर टेनेसीतला ऑलिव्हर. कवचाचे दोन भाग जोडलेले असतात, छताच्या कोपऱ्यांना सांधेच नसतात. खिडक्या आणि व्हेंटसाठी भोकं तिथेही पाडलेली असतात, त्यामुळे सीलंट तपासणं सुटत नाही, पण गळतीच्या जागा मोजक्या राहतात. जुनेसुद्धा चांगल्या किमतीला विकले जातात. आम्हा चौघांना आणि आईला मात्र ते पुरले नसते.

आमचा ट्रेलर आम्ही विकणार नाही. जमीन घट्ट आहे, छत कोरडं आहे, आणि टाक्वामेनॉन धबधब्याजवळच्या कॅम्पग्राउंडवर आईने गरम भाकरी वाढली त्या संध्याकाळचं मोल मला वेगळं सांगायला नको. ऑक्टोबरमध्ये पाणी काढून, नळ्यांत हवा मारून गुलाबी अँटिफ्रीझ भरतो. एप्रिलमध्ये बेअरिंगचं ग्रीस आणि छताची तपासणी तोच मेकॅनिक येऊन करतो. ग्रँड रॅपिड्सच्या आसपास कुणाला असा माणूस शोधायचा असेल तर मार्च संपायच्या आत वेळ घ्या. मे सुरू झाला की चांगल्या मेकॅनिककडे तीन-तीन आठवड्यांची रांग लागते.