दाढ ठणकतेय: डेंटल कॉलेज की जवळचं क्लिनिक?

लवंगेचं तेल लावून रात्र निघते. त्यातल्या युजेनॉलमुळे ठणका तेवढ्यापुरता बधिर होतो. कीड मात्र आत उतरतच असते. सकाळी जायचं कुठे? पुण्यात खासगी क्लिनिकं गल्लोगल्ली आहेत आणि डेंटल कॉलेजंही आहेत: धनकवडीला भारती विद्यापीठ, वडगाव बुद्रुकला सिंहगड, कॅम्पात रंगूनवाला, पिंपरीत डी. वाय. पाटील.

वेळ वाचवायचा तर क्लिनिकच. कामावरून परतताना जाता येतं, रूट कॅनल, म्हणजे दाढ न काढता तिची आतली सडलेली नस साफ करून ती भरणं, बहुधा एक-दोन सिटिंगमध्ये उरकतं. कॉलेजात आधी केसपेपर, मग एक्स-रे, मग संबंधित विभागाची रांग. तीन-चार खेपा सहज होतात. रोजंदारीवरच्या माणसाचा तेवढा खाडा होतो, तोही खर्चात धरा.

पैशात कॉलेज स्वस्त. विद्यार्थ्यांच्या हाती दाढ द्यायची म्हणून लोक बिचकतात, पण तिथे प्रत्येक टप्पा शिक्षक तपासतात, आणि एमडीएस (पदव्युत्तर शिक्षण) करणारे तर बीडीएस (दातांच्या डॉक्टरची पदवी) होऊन आलेले डॉक्टरच असतात.

मला काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. क्लिनिकमधला आकडा ऐकून माणसं म्हणतात, "मग काढूनच टाका." अक्कलदाढ आडवी आली असेल तर ठीक. पण चावायची दाढ गेली की शेजारचे दात त्या फटीत कलतात, समोरची दाढ सरकते, तिथलं हाड झिजतं. पुढे इम्प्लांट, म्हणजे हाडात बसवलेला कृत्रिम दात, करायचं तर रूट कॅनलहून जास्त पैसे मोजावे लागतात. मुलांच्या बाबतीत तर फारच जपा: सहाव्या वर्षाच्या आसपास सगळ्यात मागे येणारी दाढ दुधाची नसते, ती पडून पुन्हा येत नाही. वाचण्याजोगी दाढ फक्त पैशापायी काढणार असाल, तर आधी कॉलेजात दाखवा, खेपा पडल्या तरी चालतील.

कुठेही गेलात तरी खर्च कॅपसकट, म्हणजे दाढेवर बसवायच्या टोपणासकट, विचारा. रूट कॅनल करून कॅपविना ठेवलेली दाढ चावताना तडकू शकते. मधुमेह किंवा रक्त पातळ करण्याची गोळी असेल तर तेही आधीच सांगा.

गाल सुजून ताप आला, तोंड उघडेना किंवा गिळता येईना, तर मात्र या दोन्हींची वाट पाहू नका. थेट ससून किंवा जवळच्या मोठ्या हॉस्पिटलचा तातडीचा विभाग गाठा, मध्यरात्र असली तरी.