टिवो की घरातला जुना व्हीसीआर?

अमेरिकेत 1999 साली टिवो (व्हीसीआरसारखं टेपवर नव्हे, तर हार्ड डिस्कवर टीव्हीचे कार्यक्रम रेकॉर्ड करणारं यंत्र) बाजारात आला आणि मित्रमंडळींत एकच प्रश्न: "रेकॉर्डिंगला दरमहा पैसे? व्हीसीआर तर फुकट करतो!" शंका रास्त होती. 14 तासांचं यंत्र सुमारे 500 डॉलरना, वर महिन्याला 9.95 डॉलर, नाहीतर एकदाच 199 भरून त्या यंत्रापुरती कायमची सुटका.

व्हीसीआरला वर्गणी नव्हती, राबणूक होती. कोरी टेप शोधा, चॅनेल आणि वेळ भरा. चित्र बरं हवं तर टी-120 टेपवर दोनच तास. कार्यक्रमाची वेळ सरकली की टेपवर भलतंच काहीतरी. आणि घड्याळ न लावलेल्या व्हीसीआरवर लुकलुकणारे 12:00 कुणाच्या घरी नव्हते?

टिवोची वर्गणी खरं तर टीव्हीच्या वेळापत्रकाची होती. यंत्र तेव्हा फोनलाइनवरून ते उतरवून घ्यायचं (ही फोनची तार कटकटीची, कबूल). मालिकेचं नाव एकदा सांगा, वार-वेळ बदलली तरी नवे भाग पकडायचं. आयत्या वेळचा बदल मात्र त्यालाही कळत नसे. पण चालू सामना थांबवून चहा टाकायचा आणि परत येऊन तिथूनच पुढे बघायचा, हे टेपला जन्मात जमलं नसतं.

मित्रांना पटवायचं तर हिशेब ऐकवून उपयोग नव्हता. घरी बोलवायचं, रिमोट हातात द्यायचा. एक गोष्ट व्हीसीआरच्या बाजूची: टेप शेजाऱ्याला देता यायची, टिवोतलं आधी टेपवरच उतरवावं लागायचं! आठवड्याला एखादाच कार्यक्रम बघणाऱ्याला तेव्हा व्हीसीआर पुरेसा होता.