अलास्कातला सॅमन: आधी कुणाच्या ताटात?
अलास्कात पोटापुरती शिकार-मासेमारी दोन वेगळ्या नियमांनी चालते. अमेरिकी केंद्र सरकारच्या १९८०च्या कायद्यानुसार, केंद्राच्या जमिनीवर आणि तिथल्या नद्यांत टंचाई असेल तेव्हा पहिला हक्क ग्रामीण रहिवाशांचा, मग ते मूळनिवासी असोत वा नसोत. राज्याचं तसं नाही. १९८९मध्ये अलास्काच्या सर्वोच्च न्यायालयाने राज्याच्या कायद्यातलं असंच प्राधान्य अलास्काच्या स्वतःच्या घटनेविरुद्ध ठरवलं, म्हणून अँकरेजचा शहरवासीही पात्र.

ही समता कागदावर छान दिसते. पण कस्कोक्विम नदीकाठच्या गावांना बाहेरून येणारा रस्ताच नाही. आपल्याकडे बोंबील सुकतात तशा तिथे सॅमनच्या लाल पट्ट्या काठ्यांवर धुरी घेत लटकतात. हिवाळ्याची बेगमी तीच. मला केंद्राचाच नियम न्यायाचा वाटतो. त्रास एवढाच, की जाळं टाकण्याआधी नदीचा हा पट्टा कुणाचा, ते बघावं लागतं.